सप्टेंबरपर्यंत: लेकीच्या नव्या शाळेच्या तयारीच्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

आज निर्णय झाला. इंग्लंडमध्ये सरकारी माध्यमिक शाळांच्या जागा १ मार्चला कळतात. यंदा १ तारखेला शनिवार होता, म्हणून आज कळल्या. घराजवळच्या शाळेत लेकीला जागा मिळाली आहे आणि ती शाळा चांगली आहे. पण लंडनमधल्या हॅम्पस्टेडच्या बाजूच्या खासगी शाळेचं होकाराचं पत्र फेब्रुवारीतच आलं होतं, सोबत बर्सरी, म्हणजे घरचं उत्पन्न बघून दिलेली फीमधली सवलत. उत्तर द्यायची मुदत याच आठवड्यात संपते. रात्री दहापर्यंत आम्ही दोघं वही घेऊन बसलो होतो. १ जानेवारीपासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झालाय. बर्सरी दरवर्षी नव्याने तपासली जाते. मधेच शाळा सोडायची म्हटलं तर एक पूर्ण सत्र आधी कळवावं लागतं, नाहीतर त्या सत्राची फी भरावी लागते. हे सगळं मांडून झाल्यावर बायको म्हणाली, "तिला विचारू या शेवटचं." लेक पायऱ्यांवर बसून ऐकतच होती. म्हणाली, "मला तिथल्या सायन्स लॅबमध्ये जायचंय. आणि तिथे मुली प्रश्न विचारत होत्या, ओपन डेला."

अनामत रक्कम भरली.

गावी आईला फोन केला. तिला वाटलं परीक्षा पुन्हा आहे. नाही, परीक्षा झाली: इंग्रजी, गणित, शाब्दिक आणि आकृत्यांचं रीझनिंग, शेवटी मुलाखत. वर्ष-दीड वर्ष घरात तेवढंच चाललं होतं. आता अकराव्या वर्षी इयर सेव्हनमध्ये जायचं, म्हणजे आपल्याकडची सहावी. "मग आता कसली तयारी?" आईने विचारलं. मला लगेच उत्तर देता आलं नाही. बांधकामाच्या साइटवर रोजची डायरी ठेवायची मला सवय आहे. त्याच सवयीने ही वही सुरू करतोय.

८ मार्च, शनिवार

सकाळी एक गोष्ट लक्षात आली आणि ती दिवसभर मनातून गेली नाही. लेक गुणोत्तराचं अवघड गणित तोंडी सोडवते. पण घराच्या दाराला बाहेरून कुलूप लावून किल्ली पिशवीच्या कुठल्या कप्प्यात ठेवायची, हे तिला माहीत नाही, कारण तशी वेळच आली नाही. दीड वर्ष आम्ही तिच्यासाठी सगळं उचलून धरलं. डबा, दप्तर, वेळ, गाडी. तिने फक्त पेपर सोडवायचे. परीक्षेसाठी ते योग्य होतं असं मला अजूनही वाटतं. पण त्या शाळेत पहिल्याच दिवशी दहा विषय, दहा वर्ग, एकाआड एक येणाऱ्या ए आणि बी आठवड्यांचं वेगळं वेळापत्रक आणि रोजचा स्वतःचा प्रवास असणार. तिथे आम्ही नसणार.

तेव्हा ठरलं: दर महिन्याला एक काम आमच्याकडून तिच्याकडे. एकदा दिलं की परत घ्यायचं नाही. विसरली, चुकली, उशीर झाला, तरी नाही. बायकोने ही अट मला मोठ्याने वाचायला लावली, कारण मोडणार कोण हे तिला ठाऊक आहे.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा, आणि आजच इथली घड्याळं तासभर पुढे गेली. म्हणजे सणाच्या दिवशी एक तास झोप कमी. पहिलं काम आज सोपवलं: उठणं. गजराचं साधं घड्याळ आणलं, फोनचं नाही. गुढी उभारायच्या वेळी ती स्वतःहून उठून खाली आली, डोळे चोळत, आणि कडुनिंब म्हणून इथल्या भारतीय दुकानातली वाळकी पानं गुळाबरोबर चावली. उद्यापासून तिला हाक मारायची नाही.

७ एप्रिल, सोमवार

आठवड्याभरात दोनदा झोपून राहिली. दुसऱ्यांदा नाश्ता न करता पळाली. मी जिन्याच्या खाली उभा होतो, हाक ओठांवर आली होती. बायकोने हात धरला.

आई काल आली, सहा महिन्यांच्या व्हिसावर. येताना लोणचं, मेतकूट आणि सुईदोऱ्याचा डबा घेऊन आली आहे. डबा कशाला म्हटलं तर म्हणाली, "शाळा सुरू होणार ना पोरीची? नावं घालावी लागतील."

१५ मे, गुरुवार

सॅट्स, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या सरकारी परीक्षा, संपल्या. सोमवारी व्याकरण आणि शुद्धलेखन, मंगळवारी वाचन, बुधवार-गुरुवार मिळून गणिताचे तीन पेपर. नव्या शाळेतल्या प्रवेशाशी त्यांचा काही संबंध नाही, म्हणून सरावाचा आग्रह धरला नाही. पण प्राथमिक शाळेच्या बाईंनी वर्गावर वर्षभर घेतलेली मेहनत त्यात होती, त्यामुळे "त्याला काय महत्त्व" असं घरात कोणी म्हणायचं नाही, हे आधीच बजावलं होतं. बाईंना लेकीने स्वतः कार्ड करून दिलं.

२७ मे, मंगळवार

हाफ टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी, प्रवासाची पहिली तालीम.

मार्ग असा. घराजवळच्या किंग्जबरी स्टेशनहून ट्यूबची, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेची, ज्युबिली लाइन: वेम्बली पार्क, नीसडन, डॉलिस हिल, विल्सडन ग्रीन, किल्बर्न, वेस्ट हॅम्पस्टेड, फिंचली रोड. तिथून वर चढणीचा रस्ता. वीसेक मिनिटं गाडीत, मग चालणं. सोपं आहे, फक्त एक गोम आहे. वेम्बली पार्क ते फिंचली रोड या टप्प्यात मेट्रोपॉलिटन लाइनही शेजारून धावते आणि मधल्या पाच स्टेशनांवर थांबत नाही. वेळ वाचतो, पण परतताना फिंचली रोडला समोरासमोरच्या फलाटांवर दोन्ही गाड्या येतात, आणि मेट्रोपॉलिटनमध्ये बसलं तर वेम्बली पार्कला आठवणीने उतरून गाडी बदलावी लागते. ती गाडी किंग्जबरीला जात नाही, हॅरोकडे वळते.

जाताना ती पुढे, मी मागे. येताना मी मुद्दाम पुढच्या डब्यात बसलो. तिने मेट्रोपॉलिटन पकडली. वेम्बली पार्कला मी दारात उभा राहून बघत होतो. ती पुस्तकात होती. दार बंद होण्याआधी मी ओरडू शकलो असतो. नाही ओरडलो, मीही आतच राहिलो. पुढच्या प्रेस्टन रोडला तिने मान वर केली, बाहेरची पाटी वाचली, आणि तिचा चेहरा असा काही उतरला की माझ्या पोटात कालवलं. मग ती उतरली. फलाटावरच्या नकाशापाशी गेली, बोटाने रेघ धरली, पलीकडच्या फलाटावर आली आणि उलट्या दिशेची गाडी घेऊन वेम्बली पार्कला परत आली. किंग्जबरीला पोहोचल्यावर म्हणाली, "बाबा, तू मला सांगितलं का नाहीस?"

मी खरं ते सांगितलं. सप्टेंबरमध्ये मी पुढच्या डब्यात नसेन.

ती घरापर्यंत बोलली नाही. रात्री आईने मला वेगळं घेऊन झापलं. "अरे, पोर घाबरली असती तर?" घाबरलीच होती. मला अजून कळत नाही की मी बरोबर केलं का. पण आता ती दर वेळी वेम्बली पार्कच्या आधी पुस्तक मिटते.

१४ जून, शनिवार

पालकांच्या मंडळाने भरवलेल्या जुन्या गणवेशांच्या विक्रीला गेलो. नव्या ब्लेझरची किंमत बघून आधी छातीत धस्स झालं होतं. इथे तोच ब्लेझर फार कमी पैशांत मिळाला, एका कोपरावर किंचित झिजलेला. खेळाच्या कपड्यांचा ढीग त्याहून मोठा. हॉकी स्टिक, नडगीचे पॅड आणि दातांवर बसवायचा रबरी गार्ड मात्र नवाच घ्यावा लागतो. तो गरम पाण्यात मऊ करायचा आणि तोंडात चावून आपल्या दातांचा ठसा घ्यायचा. लेकीने स्वयंपाकघरात ते केलं तेव्हा आई शेजारी उभी राहून "जीभ भाजेल गं" म्हणत होती.

ब्लेझरच्या बाह्या दोन बोटं लांब आहेत. आई म्हणाली, राहू दे, दिवाळीपर्यंत बरोबर येतील.

मग तिने सुईदोऱ्याचा डबा काढला. कापडी पट्टीवर नाव, आणि प्रत्येक कपड्याला चार टाके. माझा मामा सातारच्या सैनिक शाळेत होता. १९६१ मध्ये सुरू झालेली देशातली पहिली सैनिक शाळा ती. मामाची पत्र्याची पेटी आईच्या माहेरी माळ्यावर अजून आहे, तिच्यावर पांढऱ्या रंगाने घातलेला क्रमांक आहे. आई तेव्हा लहान होती. मामाच्या बनियनांवर, टॉवेलवर, पायमोज्यांवर आजीने लाल दोऱ्याने तोच क्रमांक घातला होता. "आई रात्रभर टाके घालत होती आणि रडत होती," माझी आई सांगत होती, सुई न थांबवता. लेक ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आजी, मला शिकव. माझे मोजे मीच करते."

बेचाळीस वस्तू. तीन संध्याकाळी गेल्या.

१ जुलै, मंगळवार

नव्या मुलांसाठी शाळेचा ओळखीचा दिवस. मला गेटपाशीच थांबवलं, ते योग्यच.

परत आली ती थकून. जेवणाच्या हॉलमध्ये शाकाहारी रांग कुठली हे तिने एका मोठ्या मुलीला विचारून शोधलं. लॅब पाहिली. वर्गात हजेरीच्या वेळी फॉर्म ट्यूटर, म्हणजे वर्गशिक्षिका, तिच्या आडनावापाशी अडल्या. आमच्या आडनावात "ळ" आहे. इंग्रजी जिभेला तो जमत नाही, आणि प्राथमिक शाळेत सहा वर्षं "ल" म्हणून चाललं. मी म्हटलं, राहू दे, "ल" चालेल. ती म्हणाली, "का चालेल?" आणि तिने काय केलं ते सांगितलं. ट्यूटरना ती म्हणाली की जीभ मागे वळवायची आणि टाळूला लावून पुढे सोडायची. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा जवळपास आला म्हणे.

इतकी वर्षं ऑफिसमध्ये मी स्वतःच माझं आडनाव "ल" लावून सांगत आलो. आज रात्री ते बराच वेळ मनात होतं.

२३ जुलै, बुधवार

प्राथमिक शाळेचा शेवटचा दिवस. शर्टांवर सह्या. तिच्या दोन जवळच्या मैत्रिणी घराजवळच्या सरकारी शाळेत जाणार आहेत. ही एकटीच दुसरीकडे. घरी येऊन रडली. मी कामाची यादी काढून बसलो होतो, ती बंद केली. बायको तिच्याजवळ झोपली. सुट्टीत दर बुधवारी तिघींनी बागेत भेटायचं, हे तिघींनी ठरवलंय.

४ ऑगस्ट, सोमवार

ओव्हलवरची कसोटी आज संपली, भारत ६ धावांनी जिंकला. रेडिओ लावून लेक दप्तर लावण्याचा सराव करत होती, म्हणजे वह्या बाजूला पडल्या होत्या आणि ती रेडिओला चिकटली होती. इंग्लंडच्या वोक्सचा खांदा निखळलेला, हात झोळीत, तरी तो फलंदाजीला उतरला, तेव्हा ती म्हणाली, "त्याला बॅटिंग करायला लागू नये." मग सिराजने शेवटची विकेट काढली आणि घरात एकच आरडाओरडा झाला. आजीसुद्धा टाळ्या वाजवत होती.

फोन आणला. बटणांचा, फक्त बोलायचा आणि संदेशाचा. शाळेतही दिवसा फोन बंद ठेवून कपाटात ठेवायचा नियम आहे. नकाशा त्यात नाही, म्हणून तिने मार्ग एका कार्डावर लिहिला. मी सुचवलं, गाड्या बंद असतील तर काय, तेही मागच्या बाजूला लिही. तिने बस शोधल्या: किंग्जबरीहून १८३ ने गोल्डर्स ग्रीन, तिथून १३ ने फिंचली रोड. ११ ते १५ वयाच्या मुलांचं झिप ऑयस्टर कार्ड आलंय. त्यावर लंडनच्या बस फुकट, ट्यूबला मुलांचा दर.

१० ऑगस्ट, रविवार

आजची नोंद लांब होणार आहे.

शाळेच्या पत्रात इयर सेव्हनच्या विषयांत लॅटिन आहे. आमच्यापैकी कोणालाच त्यातलं काही येत नाही, आणि बाकीची काही मुलं प्रेप स्कूलमधून, म्हणजे खासगी प्राथमिक शाळांमधून, दोन-तीन वर्षं लॅटिन शिकून येणार. लेक त्याने धास्तावली होती. ग्रंथालयातून एक प्राथमिक पुस्तक आणलं. पहिल्याच धड्यात तक्ता: दोमिनुस, दोमिने, दोमिनुम, दोमिनी, दोमिनो. शब्द एकच, शेवट बदलतो. "हे पाठ कसं करायचं?" ती वैतागली होती.

आई देवाजवळ दिवा लावून आली. तिने विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं, शब्द तोच, पण "स्वामी", "स्वामीला", "स्वामीचा" असं म्हणायला शेवट बदलावा लागतो. आई म्हणाली, "मग विभक्तीच की ती. रामरक्षेत नाही का?"

आणि तिने म्हणून दाखवलं. रामरक्षेच्या शेवटाकडे एक श्लोक आहे, आमच्या घरी तिन्हीसांजेला लहानपणापासून म्हटलेला, ज्यात राम हा शब्द आठही विभक्तींत ओळीने येतो: रामो, रामं, रामेण, रामाय, रामात्, रामस्य, रामे, आणि शेवटी हाक, भो राम. मी हजारदा म्हटला असेन. ते व्याकरणाचं कोष्टक आहे हे मला शाळेत संस्कृत घेतल्यावर एका गुरुजींनी सांगितलं होतं, आणि मी विसरलोही होतो. लेकीला तो श्लोक पाठ होता, आजीनेच फोनवर शिकवलेला. ती एकदम ताठ बसली. कागद घेतला. डावीकडे राम, उजवीकडे दोमिनुस. रामं आणि दोमिनुम, दोन्हींच्या शेवटी "म". तिने त्याच्याभोवती गोल केला. हाकेचा रूपबदल दोन्हीकडे आहे. लॅटिनमध्ये रकाने कमी आहेत, "रामाय" आणि "रामात्" या दोन्हींच्या समोर एकच "दोमिनो" येतो. "म्हणजे संस्कृत जास्त अवघड आहे, आणि ते मला आधीच येतं!" तिला संस्कृत येत नाही, एक श्लोक येतो. पण मी काही बोललो नाही.

मग आकडे. सप्त, सेप्तेम. नव, नोवेम. दश, देकेम. "पण सप्टेंबर तर नववा आहे," ती म्हणाली. जुन्या रोमन कालगणनेत वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, हे मी सांगितलं. तिने ही वही ओढून घेतली, पहिली तारीख बघितली. ३ मार्च. "बाबा, आपला पण सप्टेंबर सातवाच आहे."

आई रात्री म्हणाली, तिला वाटलं होतं या शाळेच्या कामात तिचा काही उपयोग नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज घरात वाद झाला. ओळखीच्या बहुतेक मुलांनी इयर सेव्हनच्या गणिताची शिकवणी सुट्टीतच लावली आहे. बायकोचं म्हणणं, आपणही सहा आठवडे आधीच लावायला हवी होती, आता निदान उरलेले दोन तरी. तिच्या म्हणण्यात काळजी आहे आणि तथ्यही आहे. त्या वर्गात प्रत्येक मूल आपापल्या शाळेतलं पहिलं-दुसरं असणार. तिथे आमची लेक मधे कुठेतरी असेल, कदाचित मागेही.

मी नाही म्हणालो आणि का ते पहिल्यांदाच तिला सांगितलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलो, तालुक्यात पहिला. अकरावीला पुण्यात आलो. पहिल्या चाचणीत गणितात नापास झालो. सगळा वर्ग पुढचं आधीच शिकून आला होता. मी ते कोणालाही सांगितलं नाही. ना घरी, ना सरांना, ना खोलीतल्या मित्राला. दिवाळीपर्यंत वर्गात शेवटच्या बाकावर बसलो, समजलं नाही तरी मान हलवली. गुण नंतर सुधारले. पण ते चार महिने मी कोणाजवळ तोंड उघडलं नाही, ते अजून माझ्या अंगात आहे. लेकीला दोन आठवडे आधीचं बीजगणित देऊन ते टळणार नाही. तिला सांगता यायला हवं.

दुपारी तिच्याशी बोललो. ही गोष्ट तिलाही सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी शेवटची आले तर?"

"तर मला सांगशील का?"

"तू ओरडशील?"

"नाही."

"आई?"

बायको दारातच होती. म्हणाली, "थोडी काळजी करेन. ओरडणार नाही."

शिकवणी लावली नाही. बायकोचं मन पूर्ण मानलेलं नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती आले. शाडूची मूर्ती, एकवीस मोदक, त्यातले सहा लेकीने वळले. पाकळ्या जाड आल्या तरी एकही फुटला नाही. संध्याकाळी डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात दर्शनाला गेलो. १९३२ पासून हे मंडळ लंडनमध्ये आहे. जाताना ट्यूबचा मार्ग तिनेच सांगितला, आम्ही तिघं तिच्या मागे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

तालीम, एकटीने. मी घरी. निघाली ७ वाजून २० मिनिटांनी. शाळेच्या बंद गेटसमोरून फोन: "पोहोचले. आता परत निघते." गेटपासून घराच्या दारापर्यंत पंचावन्न मिनिटं. दार तिने किल्लीने उघडलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

परवा गौरींबरोबर गणपतींचं विसर्जन झालं, घरातच, बादलीत. आज शाळा. आजीने दही-साखर हातावर ठेवली. ब्लेझरच्या बाह्या अजून लांबच. दारातून वळून बघितलं नाही तिने. बायको खिडकीत होती.

८ सप्टेंबर, सोमवार

ट्यूबचा संप. या आठवड्यात गुरुवारपर्यंत गाड्या जवळपास बंदच. शाळेचा तिसरा दिवस आणि तीन महिने घोटलेला मार्ग नाही.

काल संध्याकाळी मी म्हटलं, मी सुट्टी घेतो, गाडीने सोडतो. तिने कार्ड उलटं केलं. "१८३ आणि १३. मी लिहिलंय." बायकोने माझ्याकडे बघितलं. मार्चमध्ये मोठ्याने वाचलेली अट.

साडेसहाला निघाली. पहिली १८३ भरलेली, थांबलीच नाही. दुसरीत उभं राहायला जागा मिळाली. गोल्डर्स ग्रीनला १३ साठी रांग. मला संदेश आला: "उशीर होणार. ठीक आहे." साइटवर खिशातला फोन हातात धरूनच होतो. ८ वाजून ५० मिनिटांनी पुढचा संदेश: "आले."

संध्याकाळी सविस्तर कळलं. उशिरा आल्यावर कुठे जायचं हे तिला माहीत नव्हतं. मुख्य दारातल्या कार्यालयात गेली, नाव सांगितलं, नोंद केली, पास घेतला. पहिला तास अर्धा संपला होता. दार ठोठावून आत गेली. "सगळे बघत होते," ती म्हणाली. मग? "मग बसले." अजून दहा-बारा मुलं उशिरा आली होती म्हणे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

गेल्या आठवड्यात कॅट चाचण्या झाल्या, क्षमता बघायच्या, अभ्यास न लागणाऱ्या. या आठवड्यात गणिताची पहिली खरी चाचणी. घरी त्याबद्दल चकार शब्द नाही. मी विचारलं नाही.

आज कामावरून येताना आईचा फोन आला, ती गेल्या रविवारी साताऱ्याला परतली. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "पोरीला वीसपैकी नऊ पडलेत. मला परवा सांगितलं. ऋण संख्यांत चुकलं म्हणाली. तू काही बोलू नकोस."

सांगायचं तिने ठरवलं ते आजीला. खरं सांगायचं तर जरा लागलं. ऑगस्टच्या त्या दुपारी मी माझं पुणं तिच्यासमोर ठेवलं होतं. पण फिंचली रोडहून गाडीत बसल्यावर जाणवलं, तिने दोन दिवस पोटात ठेवलं नाही. त्याच संध्याकाळी कोणाला तरी सांगितलं. मी चार महिन्यांत कोणालाच नाही.

घरी काही बोललो नाही. जेवताना तिनेच काढलं. "आजीने सांगितलं ना तुला?" मी हो म्हटलं. "मी सरांना विचारलं. मंगळवारी दुपारच्या सुट्टीत ते बसतात, ज्यांना अडतं त्यांच्यासाठी. मी जाणार आहे." बायकोने पोळी वाढली. "किती जण येतात?" "माहीत नाही. बघते."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

हाफ टर्म लागली, दिवाळी त्यातच आहे. दोन मंगळवार ती त्या दुपारच्या सुट्टीतल्या वर्गाला गेली. लॅटिनच्या बाईंना तिने राम आणि दोमिनुसचा कागद दाखवला, त्यांनी तो वर्गातल्या फळ्यावर लावायला मागितला आहे. आजीची परवानगी घ्यायची म्हणते.

दातांचा गार्ड हरवला. नवा आणायचं तिने स्वतःच यादीत लिहिलंय. ब्लेझरच्या बाह्यांना अजून बोटभर कापड जास्त आहे.